चिठ्ठीवर न लिहिलेलं

लॅबच्या खिडकीतून आत येणाऱ्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा दोनच शब्द असतात, ‘स्टूल रूटीन’. मूल केवढं आहे, जुलाब कधीपासून आहेत, वजन किती उतरलंय, आधीपासून कुठल्या गोळ्या चालू आहेत, यातलं काहीच त्या कागदावर नसतं. त्या दोन शब्दांत जेवढं बघायचं तेवढं आम्ही बघतो. काचपट्टीवर एका बाजूला सलाइनचा थेंब, दुसऱ्या बाजूला आयोडीनचा. त्यात काडीच्या टोकावर मावेल एवढी विष्ठा कालवायची, वर कव्हरस्लिप ठेवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकत जायचं. गोल जंतांची अंडी, आकडेकृमीची अंडी, अमिबा, जियार्डिया यात सापडतात. पण ज्या लेकरांच्या अंगात आजाराशी झगडायची ताकदच उरलेली नसते, त्यांना अंथरुणाला खिळवणारे काही परजीवी या तपासणीत एक तर दिसत नाहीत, नाहीतर दिसूनही निसटतात. मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात लॅब टेक्निशियन आहे. जे पाहत आले ते आईबापांपर्यंत आणि चिठ्ठी लिहिणाऱ्यांपर्यंत पोचावं, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

नमुना कशात आणायचा, हे बऱ्याच जणांना कुणी सांगितलेलंच नसतं. काडेपेटीत आणतात, कागदाच्या पुडीत आणतात, खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत आणतात. काडेपेटीतला नमुना सेनगावच्या पलीकडच्या तांड्यावरून एसटीनं येईपर्यंत वाळून गेलेला असतो. ताज्या नमुन्यात हलताना दिसणारा अमिबा त्यात मरून पडलेला असतो आणि ओळखू येत नाही. म्हणून आम्ही झाकणाची डबी देतो आणि सांगतो, सकाळचं ताजं आणा, लघवी मिसळू देऊ नका, आणि वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने आणा. हे परजीवी रोज सारख्या प्रमाणात बाहेर पडत नाहीत. एका दिवसाच्या नमुन्यात काही नाही, म्हणजे पोटात काही नाही, असं म्हणता येत नाही. पण सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत रोजंदारीवर जाणाऱ्या बाईनं तीन वेळा दवाखान्यात यायचं म्हणजे तीन दिवसांची मजुरी सोडायची. गावातल्या आशाताईकडे डब्या ठेवल्या आणि तिनं नमुने पाठवायची सोय केली तर हे जमतं. जिथं आशाताई मनावर घेते, तिथले नमुने नीट येतात, हा माझा अनुभव आहे.

कमजोर प्रतिकारशक्तीची मुलं म्हटलं की लोकांना एखादा दुर्मीळ, मोठ्या शहरातला आजार आठवतो. आमच्याकडे अशी मुलं रोजच्या ओपीडीत असतात. सगळ्यात जास्त कुपोषित. ज्याच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आला, अंगणवाडीच्या पट्टीवर जो लाल रंगात गेला, त्याच्या शरीराची संरक्षणाची फळीही मोडलेली असते. मग जन्मतः एचआयव्हीची लागण झालेली मुलं. किडनीतून प्रथिनं जाण्याच्या आजारासाठी महिनोन्‌महिने स्टेरॉइडच्या गोळ्या खाणारी मुलं. नांदेडला, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किंवा मुंबईच्या टाटा रुग्णालयात रक्ताच्या कर्करोगाचे उपचार घेऊन मधल्या काळात गावी आलेली मुलं. जुलाब लागले की ही सगळी आधी जवळच्याच दवाखान्यात येतात. आणि चिठ्ठीवर येतं तेच, ‘स्टूल रूटीन’.

कळमनुरीच्या बाजूच्या एका गावातून एक आजी नातवाला घेऊन आली, त्याची हकीकत जरा सविस्तर सांगते. मुलगा आठ वर्षांचा, पण अंगलट चार-पाच वर्षांच्या पोराएवढी. बाप वारलेला. आई दिवाळीनंतर कोयता घेऊन टोळीबरोबर उसावर जायची. आधीच्या हंगामात ती पोरालाही बरोबर घेऊन गेली होती, या खेपेला अंगात काही नाही म्हणून आजीजवळ ठेवलेला. महिना उलटून गेला होता, पोट थांबत नव्हतं. दिवसातून सात-आठ वेळा पाण्यासारखी संडास. तालुक्याला एका खासगी दवाखान्यात सलाइनच्या बाटल्या लावून झाल्या होत्या, अँटिबायोटिकचे कोर्स झाले होते. शाळेत दिलेली जंताची गोळीही त्यानं खाल्ली होती. आमच्याकडच्या चिठ्ठीवर नेहमीचेच दोन शब्द होते.

पहिल्या नमुन्यात मला जंत दिसले नाहीत, अमिबा दिसला नाही. पण महिनाभर चाललेले जुलाब, वाळत चाललेलं पोर आणि तोंडात आलेला पांढरा थर हे सगळं एकत्र बघून मला राहवेना. मी आजीला थांबवून घेतलं. खिडकीपाशी गर्दी होती तोवर ती काही बोलली नाही. गर्दी ओसरल्यावर जवळ आली. पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली पुस्तिका काढून तिनं टेबलावर ठेवली आणि वर हात ठेवूनच म्हणाली, “बाई, ह्याला त्या हिंगोलीच्या गोळ्या चालू हाईत. पर कागदावर लिवू नका. आमच्या गावचे लोक येतेत हितं.”

ती एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी केंद्राची पुस्तिका होती. मधले कितीतरी महिने कोरे होते. उसाच्या फडावर गोळ्या संपल्या, तिथून केंद्रावर जाणं झालं नाही, आणि मग सुटलं ते सुटलंच. आजीनं हे ओपीडीतल्या डॉक्टरांनाही सांगितलं नव्हतं. तिथंही शेजारी गावचाच माणूस उभा होता.

आजीची भीती खोटी नव्हती. अशा एका कागदापायी गावात मुलाशी खेळणं बंद होतं, पाण्याचा पेला वेगळा होतो. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली झाला, सप्टेंबर २०१८ मध्ये लागू झाला. लागण झालेल्या माणसाची माहिती त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही, त्याच्याशी भेदभाव करता येत नाही, हे त्यात स्पष्ट आहे. पण कायदा सरकारी दप्तरात असतो आणि चिठ्ठी दहा जणांच्या हातून जाते. मी आजीला म्हटलं, “आजी, कागदावर आजाराचं नाव यायची गरजच नाही. पण डॉक्टरांना आणि मला माहीत असलं पाहिजे, नाहीतर आम्ही बघायला पाहिजे ते बघणारच नाही.” ती डॉक्टरांकडे यायला तयार झाली. त्यांनी दार लावून घेतलं, पुस्तिका पाहिली आणि नवी चिठ्ठी लिहिली, ‘मॉडिफाइड ॲसिड-फास्ट’. आजाराचं नाव त्यावर कुठंच नव्हतं. लॅबला त्याहून जास्त काही लागतही नाही.

या तपासणीला महागडं यंत्र लागत नाही, हे मुद्दाम सांगते. क्षयरोगाची थुंकी तपासायला जी रंगद्रव्यं वापरतात, ती वर्षानुवर्षं आमच्या फळीवर आहेत. कार्बोल फुक्सीनचा लाल रंग, मेथिलीन ब्ल्यूचा निळा रंग आणि मध्ये आम्ल. क्षयाच्या स्लाइडला पंचवीस टक्क्यांचं गंधकाम्ल लागतं, इथं एक टक्क्याचं पुरतं. जास्त तीव्र आम्ल घातलं तर या परजीवींनी धरलेला लाल रंगही धुऊन निघतो आणि सगळं निळं दिसतं. विष्ठेचा पातळ थर काचपट्टीवर पसरायचा, वाळवायचा, मिथेनॉलनं पक्का करायचा, लाल रंग चढवायचा, आम्लानं धुवायचा, निळा रंग द्यायचा. तासाभराच्या आत स्लाइड तयार होते. नंतर मात्र घाई चालत नाही.

मुलाच्या नव्या नमुन्याच्या स्लाइडवर निळ्या पार्श्वभूमीवर एकदम लालबुंद, लांबट, दोन्ही टोकांना निमुळतं काहीतरी आलं. गव्हाच्या दाण्यासारखा आकार आणि आत एक गोल गोळा. पुढच्या क्षेत्रात आणखी एक. सिस्टोआयसोस्पोरा. एरवी धडधाकट माणसाच्या पोटात शिरला तर थोडे दिवस जुलाब होऊन बहुधा आपोआप जातो. प्रतिकारशक्ती ढासळलेल्या शरीरात मात्र तो लहान आतड्याच्या अस्तराच्या पेशींत घर करतो, पिढ्यामागून पिढ्या वाढवतो आणि खाल्लेलं अंगी लागू देत नाही. मग लेकरू पोटभर जेवूनही वाळत जातं. सलाइनच्या थेंबात हा पारदर्शक असतो. उजेड कमी करून, शोधायचंच म्हणून शोधला तर सापडतो, घाईत निसटतो. परत काढून पाहिलेल्या पहिल्या दिवसाच्या नमुन्यातही, रंग दिल्यावर, तो होताच.

याचं औषध आहे आणि ते स्वस्त आहे, हा यातला सगळ्यात मोठा दिलासा. को-ट्रायमोक्साझोल, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असणारी जुनी गोळी. एचआयव्ही असलेल्या आईच्या बाळाला सहा आठवड्यांपासून, आणि ज्यांच्या सीडीफोर नावाच्या संरक्षक पेशी कमी आहेत अशा मुलांना संरक्षण म्हणून, हीच गोळी दिली जाते. डॉक्टरांनी वजनाप्रमाणे मात्रा ठरवून दिली. आठवड्याच्या आत जुलाब आटोक्यात आले. पण तेवढ्यानं काम संपत नाही, कारण प्रतिकारशक्ती तशीच राहिली तर हा परत येतो. मूळ इलाज एआरटीचाच. एआरटी केंद्रातल्या समुपदेशक ताईंनी आजीला बसवून आणि आईला फोनवरून सगळं समजावलं. उसावर किंवा वीटभट्टीवर जाण्याआधी सांगितलं तर ज्या जिल्ह्यात जाणार तिथल्या केंद्रावर नाव हलवून मिळतं, तब्येत स्थिर असेल तर काही महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळू शकतात. हे त्या माउलीला पहिल्यांदाच कळत होतं. आपल्या देशात मोफत एआरटी २००४ साली सुरू झाली, मुलांसाठीचा कार्यक्रम २००६ च्या अखेरीस. इतक्या वर्षांनीही फडावरच्या कोपीत गोळी पोचत नसेल, तर गोळी मोफत असण्याचा अर्धा उपयोग वाया जातो.

जंताच्या गोळीबद्दलही स्पष्ट सांगायला हवं. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन होतो, १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट या ठरलेल्या तारखा. एक ते एकोणीस वर्षांच्या सगळ्या मुलांना अल्बेंडाझोल, दोन वर्षांच्या आतल्यांना अर्धी गोळी. ती गोळी प्रत्येक मुलानं खावी, मी माझ्या मुलांना देते. गोल जंत आणि आकडेकृमी यांवर ती काम करते, रक्त पिणाऱ्या जंतांपायी येणारा पांढरेपणा कमी करते. पण पोटात जे जे काही आहे ते या गोळीनं गेलं, असं समजून लोक थांबतात आणि तिथं घात होतो. सिस्टोआयसोस्पोरावर ती चालत नाही. क्रिप्टोस्पोरिडियमवरही चालत नाही.

हा क्रिप्टोस्पोरिडियम आमच्याकडच्या कुपोषित बाळांत मी जास्त धास्तीनं शोधते. चार ते सहा मायक्रॉन आकाराचा, तांबड्या रक्तपेशीपेक्षाही लहान गोल ठिपका. याच रंगानं लाल होतो. २०१३ साली ‘द लॅन्सेट’मध्ये आफ्रिका आणि दक्षिण आशियातल्या सात ठिकाणांचा मोठा अभ्यास आला, त्यात आपलं कोलकाताही होतं. बावीस हजारांवर मुलं तपासून त्यांनी दाखवलं की वर्षाच्या आतल्या बाळांच्या तीव्र जुलाबांच्या कारणांत रोटाव्हायरसच्या खालोखाल हाच आहे. रोटाव्हायरसची लस महाराष्ट्रात २०१९ पासून सरकारी लसीकरणात मिळते. क्रिप्टोवर लस नाही. नायटाझोक्सानाइड हे औषध आहे, पण प्रतिकारशक्ती पार खचलेल्या मुलाला त्याचा भरवसा कमी. तिथं मुलाला पाणी, झिंक आणि अन्न देऊन उभं करणं, हाच खरा मार्ग. एचआयव्ही असेल तर एआरटी.

वीटभट्टीवर राहणाऱ्या एका कुटुंबाचं दीड वर्षाचं बाळ मला विसरता येत नाही. झोपडीला लागूनच शेळ्या आणि वासरू. पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल केलं होतं. स्लाइडभर लाल ठिपके होते. नुकत्याच जन्मलेल्या वासरांच्या पोटातून हा परजीवी मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो आणि विष्ठेबरोबर येताच तो दुसऱ्याला लागण करायला तयार असतो. दहा-वीस कण पोटात गेले तरी पुरे. बाळ चार दिवसांत जरा टवटवीत झालं, वजन थोडं चढलं, आणि आई निघून गेली. केंद्रात राहणाऱ्या आईला बुडीत मजुरी मिळते, पण भट्टीच्या मालकाची उचल फिटायची होती आणि घरी आणखी दोन लेकरं होती. तिला दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही. अंगणवाडीताईनं पाठपुरावा केला, तोवर भट्टी दुसऱ्या गावी हलली होती. त्या बाळाचं पुढं काय झालं ते मला कळलं नाही.

तिसरा प्रकार विरळा, पण फार धोक्याचा. वसमतच्या हळदीच्या पट्ट्यातला एक मुलगा, सूज येण्याच्या आजारासाठी स्टेरॉइड चालू, पोटदुखी आणि जुलाब. त्याच्या ताज्या नमुन्याच्या सलाइनच्या थेंबात एक जिवंत अळी वळवळत गेली. स्ट्राँगिलॉइडिस. ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीतून ही शरीरात शिरते. बाकीचे बहुतेक जंत माणसाच्या पोटात अंडी घालतात, ती बाहेर जाऊन वाढतात. हिच्या अळ्या मात्र आतल्या आतच पुन्हा लागण करू शकतात. स्टेरॉइडमुळे संरक्षण ढिलं पडलं की त्यांची संख्या बेसुमार वाढते आणि त्या आतड्याबाहेर फुप्फुसांपर्यंत पसरू शकतात, जीव जाऊ शकतो. यावर अल्बेंडाझोलची एकच गोळी पुरत नाही, आयव्हरमेक्टिन द्यावं लागतं. डॉक्टरांनी लगेच नांदेडला पाठवलं, तिथं उपचार झाले, मुलगा बरा आहे. लांबलचक स्टेरॉइड सुरू करण्याआधी, विशेषतः शेतात वावरणाऱ्या मुलाची, विष्ठा एकदा तपासून घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

पाण्याचं राहिलंच. कळमनुरीकडच्या त्या आजीनं मला ठासून सांगितलं होतं की गावच्या विहिरीत टीसीएल पावडर नेमानं पडते, जलसुरक्षक क्लोरीनची ओटी टेस्ट करतो, पिवळा रंग येतो. ती खरंच सांगत होती. क्लोरीननं कॉलराचे, टायफॉइडचे जंतू मरतात, म्हणून टीसीएल हवंच. पण क्रिप्टोस्पोरिडियमचं कवच पिण्याच्या पाण्यातल्या क्लोरीनला दाद देत नाही. १९९३ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात, जिथं पाण्याचा शुद्धीकरण प्रकल्प होता, क्लोरीन होतं, तिथं नळाच्या पाण्यातून चार लाखांच्या आसपास लोक याच परजीवीनं आजारी पडले. मग कयाधूच्या काठच्या, उन्हाळ्यात टँकरवर आणि पावसाळ्यात गढूळ विहिरीवर असणाऱ्या आमच्या गावांचं काय सांगावं. मेडिक्लोर या क्लोरीनच्या औषधाचे थेंब टाकूनही कमजोर मुलाचं पाणी उकळलंच पाहिजे. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट. सगळ्या घराचं नाही जमलं तरी त्या एका लेकराचं. मी हे सांगितलं तेव्हा आजी म्हणाली, “त्यात काय, तुराट्या हाईत की घरी.” आणि तिनं ते केलं. झाकणाच्या वेगळ्या स्टीलच्या डब्यात त्याचं पाणी ठेवायची, वरून ओगराळ्यानं घ्यायची.

त्या मुलाचे काही महिन्यांनंतर आलेले नमुने स्वच्छ होते. तो शाळेत जातो, गोळ्या आजीच्या हातून घेतो, आणि या हंगामात आई त्याच्या गोळ्यांची व्यवस्था लावूनच उसावर गेली आहे.

डॉक्टरांना, समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना आणि खासगी दवाखान्यातल्या मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त जुलाब असतील आणि मूल कुपोषित असेल, एचआयव्हीच्या गोळ्यांवर, स्टेरॉइडवर किंवा कर्करोगाच्या औषधावर असेल, तर चिठ्ठीवर ‘स्टूल रूटीन’ लिहून थांबू नका. आजाराचं नाव लिहू नका, ‘मॉडिफाइड ॲसिड-फास्ट, तीन नमुने’ एवढं लिहा. आणि आईबापांनो, आज्यांनो, लेकराला आधीपासून कुठल्या गोळ्या चालू आहेत ते डॉक्टरांना दाराआड का होईना, पण सांगा. नमुना झाकणाच्या डबीत, सकाळचा, ताजा आणा. ही तपासणी सरकारी दवाखान्यात करता येते, तिला लागणारे रंग तिथं आहेत, फक्त ती मागावी लागते.